एक कागद कमी

दोल्नो वर्बेवो म्हणजे खालचं वर्बेवो.
वरचं वेळापत्रकात नाही,
आणि खालच्यातही आमची गाडी थांबत नाही.
पण पुढे रुळांवर अक्रोडाचं झाड आडवं झालं होतं,
विजेच्या तारेसकट,
म्हणून थांबली.

व्लाय्को, तिकीट तपासणारा पोरगा,
डब्याडब्यातून सांगत गेला, "तासभर."
मग परत येऊन, "दोन."
तिसऱ्यांदा आलाच नाही.

ऑक्टोबरचं ऊन,
पाहुणे वाढल्यावर पाणी घातलेल्या ताकासारखं.
वेटिंग रूमच्या बाकांवर भोपळे बसलेले,
ऐसपैस, तिकीट काढल्यासारखे.
फलाटाच्या टोकाला स्टेशनमास्तरीण स्तामेना
पिंपावर मिरच्या भाजत होती,
लांब, गोड, लाल, हिवाळ्याच्या बेगमीला.
गाडी दिसली तशी तिनं लाल टोपी चढवली,
पाटी काखेत धरली,
चिमटा काही सोडला नाही.

"घाई आहे?" तिनं विचारलं.
मी मान वरखाली हलवली.
अकरा वर्षं लिंझमध्ये इस्पितळाच्या चादरी धुते मी,
माझी मान तिकडची झाली आहे.
इथं वरखाली म्हणजे नाही.
"नाही ना, मग बस,"
आणि माझ्या मांडीवर परात आली.

तर सोलत बसलो.
मी, सुट्टीवर निघालेला एक जवान,
आणि दोघी बहिणी, एकमेकींशी अबोला धरलेल्या;
मिठाची पुडी तेवढी
इकडून तिकडे सरकत होती.
भाजलेली साल बोटांना चिकटते
जळक्या कागदासारखी.
स्तामेना म्हणाली, हे पंधरा किलो,
पूर्वी साठ करायचे.
खाणारे दारावर गेले.

दार म्हणजे स्टेशनचं दार.
त्यावर गावची माणसं चिकटवलेली,
आमच्याकडे सगळीकडे चिकटवतात तशी:
फोटो, नाव, चाळीस दिवस झाले,
वर्ष झालं, नऊ वर्षं झाली,
"विसरलो नाही" हे प्रत्येकाखाली छापलेलं.
काहींचे चेहरे पावसानं निळे पडलेले.
एका म्हाताऱ्याच्या कपाळावर
बदललेल्या गाड्यांच्या वेळा.

माझ्या पिशवीत होते तीस.
सोफियात उतरल्या उतरल्या छापून घेतलेले.
प्रोदान इलिएव. वर्ष झालं.
बाबांनी आयुष्यभर बस चालवली,
आणि फाटक बंद मिळालं की
रेल्वेला आईवरून शिव्या दिल्या.
इथं ते कधी उतरले नसणार.
गेले असतील फार तर पलीकडच्या रस्त्यानं,
धूळ उडवत, हॉर्न दाबून.

दाखवायला म्हणून एक काढला.
स्तामेनानं हात अ‍ॅप्रनला पुसले, पुरते नाही.
वाचला, शेवटपर्यंत,
छापखान्याच्या फोन नंबरासकट.
"मिशी चांगली आहे," म्हणाली.
मग मला न विचारता
टोपीच्या पट्टीतून दोन टाचण्या काढल्या.
"इथं जागा आहे.
लाझारचा मुलगा त्याचा फोटो घेऊन गेला वार्नाला."

कोपऱ्यावर तिच्या अंगठ्याचा लाल, ओला ठसा.
मला म्हणायचं होतं, हे इथले नाहीत.
म्हटलं, "त्यांना मिरच्या चालत नसत.
छातीत जळजळ व्हायची."
"आता काय होतंय," स्तामेना म्हणाली.

अंधार पडता पडता तार जोडली गेली.
बहिणी एकाच दारानं चढल्या.
स्तामेनानं पाटी वर केली,
दुसऱ्या हातात चिमटा,
आणि मागे दारावर बाबा,
जाणाऱ्या गाडीकडे बघत, बघावंच लागतंय अशा चेहऱ्यानं.

घरी आईनं कागद मोजले, बोटाला थुंकी लावून.
"एकोणतीस."
माझा हात ओढून वास घेतला.
"कुणाला दिलास?"
मी मान हलवली.
कशी हलवली ते आता आठवत नाही.
तिनं तिचं काय ते समजून घेतलं,
आणि गोंदाची वाटी माझ्याकडे सरकवली.